चमकीच्या जागी बोट

भाचीला ऐकू येत नाही हे तपासणीत कळलं, तेव्हा ती सव्वा वर्षाची होती. माझी आई म्हणाली, काही पोरं उशिरा बोलतात. भाऊ दोन दिवस पोरीच्या पाठीमागं उभा राहून ताट वाजवत होता. वहिनी मात्र गप्प राहिली, आणि का कोण जाणे, मला तिचाच राग आला. एवढं कळल्यावर बाई रडत कशी नाही, असं वाटलं. माझा स्वभाव असाच आहे, आधी राग येतो आणि कारण नंतर शोधावं लागतं.

भाऊ आणि वहिनी दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला कोल्हापूरकडं जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. आदल्या साली पोर कडेवरची होती, म्हणून बरोबर गेली. आता ती पायावर पळत होती, आणि उसाच्या फडात ट्रॅक्टर सारखे मागंपुढं होत असतात. हॉर्न ऐकू न येणारं लेकरू तिथं सोडायचं कुठं? मी माहेरीच असते, ब्लाउज शिवते, मला मूलबाळ नाही. तेव्हा ती माझ्याकडं राहिली.

निघताना वहिनीनं एकच मागितलं. "वन्सं, म्या माघारी आल्यावर तिनं मला वळखलं पायजे. येवढं करा."

मी व्हय म्हणून बसले.

दर बुधवारी मी तिला एसटीनं शेवगावला नेऊ लागले. तिथं एक बाई अशा लहान मुलांना हाताच्या खुणा शिकवतात, आणि मुलांपेक्षा जास्त आम्हालाच शिकवतात. अंगठा ओठाकडं नेला की पाणी. पाच बोटं जुळवून तोंडाकडं नेली की जेवण. नाकाच्या कडेला, चमकी असते तिथं, बोट टेकवलं की आई. बाईंनी बजावलं होतं की खूण करताना ती वस्तू किंवा ते माणूस पोरीच्या समोर हवं. पाणी समोर होतं, भाकरीही होती. आई कुठून आणू? मग मी डोकं चालवलं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावायचा, मोबाईल पोरीपुढं धरायचा आणि नाकाशी बोट न्यायचं. फडावर रेंज येईल त्या दिवशी वहिनी दिसायची, कधी अर्धीच, कधी नुसती हलणारी सावली. मी वहिनीलाही ती खूण शिकवली, म्हणजे दोन्हीकडून बोटं नाकाशी.

तिसऱ्या आठवड्यात पोरीनं मोबाईलकडं बघून नाकाला बोट लावलं. मला इतका आनंद झाला की मी हातातली कात्री खाली टाकली. पलीकडं वहिनी हसत होती आणि डोळे पुसत होती.

त्यानंतर माझा सगळा घोळ सुरू झाला. एकदा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता, बंद, काळा. पोरीनं त्याच्याकडं बघून नाकाला बोट लावलं. मी मनाची समजूत घातली की तिला आईची आठवण आली असेल. मग शेजारणीचा मोबाईल पाहून तीच खूण. पुढच्या बुधवारी एसटीत कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला, तर तिनं मशीनकडं बघून नाकाला बोट लावलं आणि आनंदानं माझ्याकडं पाहिलं. कंडक्टर हसला. मला हसावं की रडावं ते कळेना. मी पोरीला आई शिकवायला गेले आणि मोबाईल शिकवून बसले होते.

वहिनी रोज विचारायची, "वळखती न्हवं मला?"

"लई वळखती," मी म्हणायचे. दुसरं काय सांगणार होते?

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी फोटो दाखवायला सांगितलं. घरात वहिनीचा मोठा फोटो एकच, लग्नातला, मुंडावळ्या बांधलेल्या चेहऱ्याचा. पोरीनं तो उलटा करून बघितला आणि चारा घातल्यासारखा दारातल्या शेळीपुढं धरला. मी तिच्यावर चिडले, मग स्वतःवर, मग वहिनीवरही, की नीट एक फोटो काढून ठेवता आला नाही का.

त्यात दुसरं कोडं. पोरगी मधेच समोर यायची, कपाळावरचे केस दोन्ही हातांनी वर धरायची आणि डोकं माझ्यापुढं वाकवायची. तिचं जावळ काढायचं राहिलं होतं. आईबाप परत आल्यावर मामाच्या मांडीवर बसवून काढायचं ठरलं होतं, त्यामुळं केस डोळ्यांवर यायचे. मला वाटलं, टोचत असतील. मी रबर लावला. तिनं तो ओढून काढला, केस पुन्हा कपाळावर पाडले आणि पुन्हा वर धरले. त्रास होतो तर पाडते कशाला? उवा बघितल्या, तेल लावलं, पावडर लावली. ती डोकं वाकवून वाट बघायची, आणि मग केस सोडून निघून जायची. बाईंनाही करून दाखवलं. त्या म्हणाल्या, अशी खूण त्यांनी शिकवलेली नाही.

पाडव्याला चार दिवस असताना गावाच्या वेशीत ट्रॅक्टर थांबला. भाऊ सामान उतरवायला थांबला, वहिनी पायीच घरापर्यंत आली, काळवंडलेली, हाताला चिंध्या बांधलेल्या. पोरगी माझ्या साडीआड गेली. वहिनी दारात उभी राहिली आणि तिनं शिकल्याप्रमाणं नाकाला बोट लावलं. पोरीनं ते बघितलं, आत पळत गेली, मोबाईल आणला आणि वहिनीच्या हातात दिला.

वहिनी माझ्याकडं बघत राहिली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

पोरगी मात्र तिथंच उभी होती, वर मान करून. मग तिनं कपाळावरचे केस दोन्ही हातांनी वर धरले आणि डोकं वाकवलं. वहिनीनं मोबाईल खाली ठेवला, उंबऱ्यात बसली आणि पोरीच्या कपाळावर हळूच फुंकर घातली. पोरीनं डोळे मिटून घेतले.

"ह्ये काय?" मी विचारलं.

"काय न्हाई वन्सं. फडावर पाल्याच्या कोपीत उकडायचं, दूध पिताना घाम यायचा तिला. म्या केस वर करून फुकायचे. घरी आल्यावरबी रातीला निजवताना त्येच."

पाच महिने पोरगी आईला मागत होती आणि मी तिला रबर लावत होते. मला वहिनीसमोर रडू आलं, आणि तिनंच मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, आता पुढच्या दसऱ्यानंतर तुम्हीच फुकत जा. मला पटलं. मी पोरीचे केस वर केले आणि तशीच, अगदी हळू फुंकर घातली. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, माझा हात बाजूला केला आणि वहिनीकडं जाऊन डोकं वाकवलं.