एकशे वीसच्या वर

बोटाला सुई टोचण्याची तिला सवय होती. लग्नाआधीपासून ती शिवणाच्या कारखान्यात शाळेच्या गणवेशांना कॉलरी लावायची. सुई बोटात शिरली की बोट तोंडात घालायचं आणि पुढची कॉलर उचलायची. म्हणून सातव्या महिन्यात दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी साखर मोजायचं छोटं यंत्र तिच्या हातात ठेवलं, तेव्हा ती हसली.

"रोज चारदा टोचायचं," बाई म्हणाल्या. "सकाळी उठल्यावर एकदा, मग नाश्ता आणि दोन्ही जेवणांनंतर दोन-दोन तासांनी. उपाशीपोटी पंच्याण्णवच्या आत हवी, खाल्ल्यानंतर एकशे वीसच्या आत. गरोदरपणात काहींना होतं असं. बाळंतपणानंतर बहुतेकींचं जातं."

"आणि आत नाही राहिली तर?"

"तर ताटात काय जास्त झालं ते बघू. भात एक वाटी. अर्धं ताट भाजी. डाळ, अंडी, दही आहेच. साखर, बिस्किटं, फळांचा रस बंद. थोडं थोडं खायचं, पण वेळेवर. जेवलं की वीस मिनिटं चालायचं. तरी नाहीच जमलं तर इन्शुलिन देऊ. त्यात तुझा काही दोष नसतो."

शेवटचं वाक्य बाई तिच्या नवऱ्याकडे बघून बोलल्या. तो मान खाली घालून आकडे लिहून घेत होता.

तो एका यंत्रशाळेत तपासनीस होता. लेथवरून उतरलेला प्रत्येक भाग त्याच्या टेबलावर यायचा. केसाएवढा फरक दिसला की त्यावर तो लाल फुली मारायचा. कामगार त्याला पाठीमागे मायक्रोमीटर म्हणत. एकानं एकदा तोंडावर म्हटलं होतं. त्याचे दोन दात गेले.

घरी येऊन त्यानं वही आखली. तारीख, वेळ, काय खाल्लं, आकडा, शेरा. रकाने छापल्यासारखे सरळ होते. भिंतीवर एक कागद चिकटवला आणि त्यावर लाल शाईनं दोन आकडे लिहिले.

चौथ्या दिवशी यंत्रावर एकशे सत्तावीस आले.

"सात वर," तो म्हणाला. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला आणि तिला सात थपडा मारल्या. मोजून. "पोटाला धक्का लागणार नाही. आत माझं मूल आहे."

हात तो पूर्वीही उचलायचा. पण तेव्हा त्याला कारण शोधावं लागे. आता कारण यंत्रावर दिसायचं.

स्वयंपाकघरात सासूंनी नळ सोडला होता. सासऱ्यांच्या हयातीत सासूंचा डावा कान फुटला होता, तेव्हापासून त्या बाजूनं ऐकू येत नसे. "अर्धं घर शांत झालं," असं त्या हसत सांगत. उजव्या कानासाठी नळ होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

तिनं खाणं कमी केलं. आधी भात सोडला, मग रात्रीचं जेवण. आकडे खाली आले. शेऱ्याच्या रकान्यात तो 'ठीक' लिहू लागला. मग एका दुपारी कारखान्यात शिवणयंत्र चालू असतानाच तिचे डोळे मिटले. सुई नखातून आरपार गेली. शेजारणीनं यंत्राची पायपट्टी थांबवली नसती तर बोट गेलं असतं.

आहारवाल्या बाई तिच्यावर रागावल्या. "उपाशी राहणं म्हणजे पथ्य नव्हे. तू खाणार नाहीस तर पोटातलं काय खाईल? लघवीत दोष दिसायला लागलाय." वही चाळता चाळता त्या थांबल्या. "आणि आकडा रविवारीच का गं चढतो? ताट तर तेच दिसतंय."

रविवारी तो दिवसभर घरी असायचा.

"भीतीनंसुद्धा साखर चढते," बाई म्हणाल्या आणि वाट बघत राहिल्या. तिनं बाही मनगटापर्यंत ओढली.

तिचं कारखान्यात जाणं सुटलं. आता घरी सासू तिला वेळेवर वाढू लागल्या. सकाळी अंडं, अकराला मूठभर दाणे, दुपारी वाटीनं मोजलेला भात. 'घरात गोड दिसता कामा नये' असा त्याचा हुकूम होता. डबाभर बिस्किटं होती, मुरंब्याची बरणी होती, साखर होती.

"फेकायचं कशाला, अन्न आहे," सासू म्हणाल्या. आठवड्याभरात त्यांनी सगळं एकटीनं संपवलं. तिच्या ताटातला काढलेला भातही त्यांच्याच ताटात जायचा. "तुझं पथ्य मला मानवतंय बघ. वजनसुद्धा उतरलं." मग त्या उठून पाणी प्यायच्या. पुन्हा उठायच्या, पुन्हा पाणी. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली होती, ती जखम महिना झाला तरी सुकत नव्हती.

त्या मंगळवारी भूक अनावर झाली आणि तिनं भात अर्धी वाटी जास्त घेतला. शेवटचा घास गिळून ती लगेच उठली. दोन तास ती घरातल्या घरात चालत राहिली. वेळ झाली, यंत्र समोर आलं, आणि तिला बोट पुढे करवेना.

"माझं बोट घे," सासू म्हणाल्या.

"आई, असं कसं?"

"का? माझं रक्त काय हिरवं आहे? यंत्राला नाव-गाव थोडंच कळतं. टोच."

तिनं टोचलं. थेंब पट्टीला लावला. यंत्र पाच सेकंद विचारात पडलं.

दोनशे चौऱ्याऐंशी.

मग तिनं स्वतःचं बोट टोचलं. एकशे चौदा.

"अगंबाई," सासू हळूच म्हणाल्या. "म्हणजे तुझं बरोबर होतं."

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. यंत्रातला आकडा पुसता येत नव्हता. रोज संध्याकाळी तो यंत्र आणि वही शेजारी ठेवून ताडून बघायचा. तिनं मनातल्या मनात वजाबाकी केली. एकशे चौसष्ट.

"मी सांगते त्याला," सासू म्हणाल्या. "माझं आहे म्हणून सांगते."

पण तो आला, हात धुतले, यंत्र उचललं, आणि सासू चुलीपाशी पाठ करून उभ्या राहिल्या.

"दोनशे चौऱ्याऐंशी. आणि लगेच एकशे चौदा." त्यानं चष्मा काढला. "हे दुसरं कोणाचं?"

"दुसरं माझं. पहिलं माझं नाही."

"मग कोणाचं?"

ती चुलीकडे बघणार नव्हती. तेवढं तिनं ठरवलं होतं.

"माल बाद झाला की कारणं निघतात," तो म्हणाला. "एक."

आतून नळाचा आवाज आला.

पाचव्याला ओठ फुटला. नवव्याला ती भिंतीवर आदळली आणि लाल आकड्यांचा कागद तिच्या खांद्याबरोबर फाटत खाली आला. तिनं दोन्ही हात पोटाभोवती आवळले, म्हणून तोंड उघडं पडलं. बाराव्याला तोंडात काहीतरी टणक फिरलं. तो शांतपणे मोजत होता, घाई नव्हती. एकोणिसाव्याला ती घरच्या शिवणयंत्राच्या पायांशी बसली होती.

नळ बंद झाला.

"ते रक्त माझं आहे," सासू म्हणाल्या. त्यांच्या हातात शिवणाच्या टेबलावरची इस्त्री होती. जुनी, लोखंडी, थंड.

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"तपासनीस आहेस ना? तपास." त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

तो हसला. पण त्यानं टोचलं. चुकीचं माप त्याला सहन होत नसे.

तीनशे अकरा.

तो आकड्याकडे बघत राहिला. तिला खालून त्याचा चेहरा दिसत होता. आता थांबेल, असं तिला वाटलं. नंतरही ती ते आठवून सांगायची, की मला खरंच वाटलं होतं.

"म्हणजे दोघींनी मिळून फसवलं मला," तो म्हणाला आणि तिच्याकडे वळला. हात वर गेला. "वीस."

सासूंनी इस्त्री त्याच्या मनगटावर घातली. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो गुडघ्यांवर आला. उजवा हात कोपरापुढे भलतीकडेच वळला होता.

"आई गं," तो म्हणाला.

"आहे ना इथेच. बोल." त्यांचा आवाज कापत होता, इस्त्री मात्र वरच होती. "तुझा बापही मोजायचा. तू माझ्या कडेवर बसून त्याच्याबरोबर आकडे म्हणायचास. तिथेच मोजायला शिकलास मेल्या, शाळेत नाही."

तिनं पिशवी भरली. यंत्र, पट्ट्या, वही, उकडलेली चार अंडी. तिच्याबरोबर दारातून बाहेर पडतानाही सासूंनी इस्त्री खाली ठेवली नाही. ती अजून हातातच आहे, हे गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"ही आता परत कोण नेऊन ठेवणार," त्या म्हणाल्या. "चल, राहू दे."

तिची बहीण धोब्याच्या दुकानावरच्या एका खोलीत राहायची. तिनं दार उघडलं, बहिणीचं तोंड बघितलं आणि काही न विचारता पाणी तापवायला ठेवलं.

सकाळी दवाखान्यात पोटावर यंत्र लावलं. ठोके ऐकू आले. घोडा दौडावा तसे. आहारवाल्या बाईंनी सासूंची साखर बघितली, अंगठा बघितला आणि डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घेतल्या. "हे कधीपासून आहे?" सासू म्हणाल्या, "कळलं कालच. कळायला किती वेळ लागला ते विचारू नका." बाईंनी तिचा ओठ शिवायला पाठवला. एकशे चौसष्ट म्हणजे काय, हे ऐकल्यावर त्यांनी पोलिसांसाठी कागद पुढे ओढला. मग आठवण झाल्यासारखी वही तिच्यासमोर ठेवली.

"शेऱ्याचा रकाना तू भर आता."

ती दोन महिने मागे गेली. चार थपडा. नऊ. पाठीत पट्टा. सगळे रविवार. तिचं अक्षर त्याच्या सरळ रकान्यांतून बाहेर जात होतं.

दुपारी बहिणीच्या खोलीत दोघी एकाच मापाचं ताट घेऊन जेवल्या. वाटीभर भात, डाळ, बरीचशी भाजी. टाके ओढत होते, म्हणून ती हळूहळू चावत होती. दोन तासांनी तिनं बोट टोचलं.

एकशे एकतीस.

तिनं डोळे गच्च मिटले. मान खांद्यात गेली, दोन्ही हात पोटावर आले. ती तशीच बसून राहिली. खाली धोबी चादरी झटकत होता. बहीण कांदे निवडत होती.

"किती गं?" सासूंनी विचारलं.

"अकरा वर."

"बरं." त्या अंगठा जपत चप्पल शोधू लागल्या. "उठ, आणखी दहा मिनिटं चालून येऊ. माझ्या उजव्या बाजूनं चाल म्हणजे बोलशील ते ऐकू येईल."