न उतरलेली उतारू

मी लग्न होऊन कोल्हारला आले त्याच हिवाळ्यात आमच्या मळ्यात एक बोट आली. अख्खी नव्हे, तिच्यातली एक खोली. पण गाव तिला बोटच म्हणायचं.

माझे सासरे शेतकऱ्याच्या घरातले. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. पोरवयात मुंबईला गेले, गोदीत सुतारकाम शिकले आणि पुढे एका मोठ्या प्रवासी बोटीवर सुतार म्हणून लागले. सगळी नोकरी त्या एकाच बोटीवर झाली. ते सुट्टीवर यायचे तेव्हा घरात पाहुणा आल्यासारखं वाटायचं, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगत. नोकरी संपवून कायमचे घरी आल्यावरही सकाळी बाजेवरून उतरले की ते आधी पाय रोवून उभे राहत, मग चालायला लागत.

एक दिवस त्यांच्याबरोबर काम केलेला एक कोकणी गृहस्थ भेटायला आला आणि सांगून गेला की बोट तोडायला काढली. मामंजी दुसऱ्या सकाळी मुंबईला गेले. बऱ्याच दिवसांनी परत आले. जेवायला बसल्यावर आपणच बोलले.

"काही सायेब लोक म्हनत हुते, तोडू नका, किनाऱ्याला बांधून ठिवू, लोक बघाय येतील. मीटिंगा झाल्या. पर बोट नुसती उभी ऱ्हायली तरी खाती. खाली पानी झिरपतं, पंप बंद करता येत न्हाई. या अंगाचा रंग सरतोय तवर त्या अंगाला गंज चढतो. चालत हुती तवर उतारू पोसत हुते. आता कोन पोसनार?"

"मग तोडू द्या की," हे म्हणाले. हे म्हणजे माझे मालक.

"तोडनारच हायेत. मला तिच्यातली एक खोली पायजे."

आम्हाला ती थट्टा वाटली. पण पुढच्या बाजाराला मामंजींनी बैलजोडी सोडली आणि घोडेगावला नेऊन विकली. यांनी ते बैल वासरांपासून वाढवले होते. त्या दिवसापासून यांनी बापाशी बोलणंच बंद केलं. औत उसन्या बैलांवर चालायला लागलं आणि बाप-लेकांमधला निरोप्या मी झाले. "त्यांना सांग, भाकरी झाली." "त्याला सांग, खालच्या वावरात मोट नगं लावू."

मग ट्रक आला. मामंजींनी विहिरीमागच्या मोकळ्या जागेत ती खोली उभी केली. पहिल्या वर्गाच्या बायकांची बसायची खोली. भिंती सागवानी फळ्यांच्या, खिडक्या गोल पितळी, एका बाजूला मोठा आरसा, त्यावर काळे डाग पडलेले. भिंतीला धरून लांब बाक आणि त्यावर विरलेली हिरवी गादी. सगळं बोटीवर होतं तसंच लावलं. गाव बघून गेलं. कुणी हसलं, कुणी पितळ ठोकून पाहिलं. नंतर यायचे थांबले.

लाकडाचा जन्म समुद्राच्या हवेत गेलेला. आमच्याकडच्या कोरड्या हवेत ते आकसायला लागलं. भर दुपारी फळ्या तडकायच्या आणि आवाज असा यायचा की आतून कुणी दार वाजवतंय. मामंजी म्हणाले, रोज ओल्या फडक्यानं पुसायचं, आठवड्यानं जवसाचं तेल पाजायचं. त्यांचे गुडघे धरलेले. काम माझ्याकडे आलं.

त्या खोलीत मी एकटी असे, पण एकटी आहे असं कधी वाटलं नाही. बाहेर धुरळा उडत असताना आत खारट, ओलसर वास यायचा. बाकाच्या कोपऱ्यात, आरशाजवळ, गादी नेहमी दबलेली दिसायची. मी थोपटून सारखी करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच. आरसा पुसताना मी त्या कोपऱ्याकडे पाठ करायची नाही. एकदा माझ्याच लक्षात आलं की त्या दारातून आत जाताना मी डोक्यावर पदर घेते. कुणासाठी घेत होते कुणास ठाऊक.

आत्याबाईंनी तिथं पाऊल टाकलं नाही. "घर बांधलं तर वास्तुशांत करत्यात," त्या म्हणायच्या. "ह्याची कुनी केली? आत कोन हाय ते बघाय नगं?"

मग बहात्तरचा दुष्काळ आला. प्रवरेचं पात्र उघडं पडलं. विहिरीत माणूस उतरून तांब्यानं पाणी भरायचा. तरी खोलीसाठी एक बादली निघायचीच. एका दुपारी हे माझ्याकडे बघून, पण ओट्यावर बसलेल्या मामंजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्यांना सांग, गोठ्यातली गाय जीभ काढून पडली आन् हितं लाकडं पानी पित्यात."

मी बादली घेऊन खोलीकडे गेले. मामंजी माझ्या मागून आले. निरोप त्यांनी ऐकलाच होता, मी सांगायला काही उरलं नव्हतं. ते दारातच बसले आणि म्हणाले, "त्याचं खरं हाय. पर मी लाकडासाठी करत न्हाई, पोरी."

त्यांनी सांगितलं ते असं. जपानशी चाललेल्या लढाईच्या काळात रंगूनहून पळून निघालेली माणसं त्यांच्या बोटीनं आणली होती. पहिला वर्ग, तिसरा वर्ग काही उरलं नव्हतं; या खोलीत बायाबापड्या खेटून बसल्या होत्या. मामंजी दाराची बिजागरी ठोकत होते आणि हाताखालच्या माणसावर ओरडत होते. कोपऱ्यातल्या एका बाईनं डोळे उघडले. अंगात ताप होता.

"तुमी नगरकडचं का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"बोलन्यावरनं वळखलं. मी बी तिकडचीच. नगर आलं की मला उठवा."

"एस्टीत सांगावं तसं म्हनली बघ," मामंजी म्हणाले. "आन् डोळं मिटलं. मला वाटलं, झोपू द्यावं, उठल्यावर गाव इचारू. तेवढ्यात खालून हाक आली. वर आलो तर ती गेल्ती. संगं कोनी न्हाई. बोटीवर मानूस ठिवत न्हाईत, पान्याला देत्यात. कापडात गुंडाळून पायाला लोखंड बांधायचं काम सुताराचंच. म्या बांधलं. पर मला पुढं सारखं वाटायचं, ती हितंच बसलीय. बंदर आलं की समदं उतरायचं, ती न्हाई. मग म्हनले, बोट तोडायची. म्हटलं, ती जाईल कुठं? म्हनून आनली. नगरकडं आनली. पर गाव ठावं न्हाई, तर उठवू कुठं?"

मी त्या दिवशी फडकं ओलं केलं नाही. बादली तशीच गाईला नेली. मामंजींनी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः बादली भरली आणि गुडघे धरत धरत खोलीकडे गेले.

उन्हाळ्यात रस्त्याचं दुष्काळी काम आमच्या शिवेपर्यंत आलं. खडी फोडायला जामखेडकडच्या बाया होत्या. एरवी त्या उसतोडीला यायच्या; त्या साली ऊसच नव्हता. एक दिवस त्यांतली एक बाई धडपडत आमच्या दारी आली. ऊन लागलं होतं, डोळे वर चालले होते. घरात निजवायला जागा होती, पण पत्र्याखाली भट्टी झालेली. आत्याबाई म्हणाल्या, "बोटीत न्ये तिला. तितं गारवा हाय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या बाईचा दुसरा हात धरून त्याच पुढे चालू लागल्या. आत बाई सरळ आरशाजवळच्या कोपऱ्यात गेली आणि आडवी झाली.

मामंजी गावातून आले ते खोली पुसायलाच. दारात त्यांचा पाय थांबला. बराच वेळ आत बघत राहिले. मग मला हळूच विचारलं, "ही तुला बी दिसती न्हवं?"

"खडीवरची हाय, मामंजी. ऊन लागलंय."

त्यांनी हातातली बादली माझ्याकडे दिली. "फडकं तिच्या कपाळावर ठिव," म्हणाले. आपण पायरीवर बसून राहिले, आत आले नाहीत. फळ्या तडकत होत्या. प्रत्येक आवाजाला ते वळून बघायचे.

उन्हं कलली तेव्हा बाई उठून बसली, पाणी प्याली. मामंजींनी बाहेरूनच विचारलं, "गाव कोनतं तुमचं?"

तिनं सांगितलं.

"घरी मानसं हायेत?"

"हायेत की. सासू हाय, पोरं हायेत."

"तुमी हितं हायसा ते त्यांना ठावं हाय का?"

ती जरा हसली. "नसाय काय झालं? त्यांनीच धाडलंय."

मामंजींनी मान हलवली. कुठून तरी लांबून आलेला निरोप ऐकावा तशी.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत बाया तिथं येऊ लागल्या. पोरांच्या झोळ्या बांधल्या, कामावर मिळालेली सुकडी खाल्ली, भिंतींना हात पुसले. एक गोल काच फुटली. लाकडाला पाणी मिळालं नाही ते नाहीच. फळ्या उभ्या चिरल्या. मामंजी कधी तेलाची वाटी घेऊन यायचे, आत गर्दी बघून परत जायचे. रस्त्याचं काम पुढे सरकल्यावर खोली रिकामी झाली, तेव्हा मी धीर करून विचारलं, "मामंजी, ती हाय का अजून?"

"कळत न्हाई," ते म्हणाले. "आधी कळायचं."

असं बोलताना मामंजी घाबरलेले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं तेवढंच पाहिलं.

दुष्काळ सरला आणि पुढच्या वर्षी खोलीला वाळवी लागली. मामंजींनी स्वतःच पहार काढली. पहिली फळी सुटली तेव्हा वजन त्यांना पेलेना. हे गोठ्यातून बघत होते. आले आणि म्हणाले, "आबा, हे टोक म्या धरतो." बैल विकल्यापासूनचं ते बापाशी पहिलं बोलणं. दोघांनी मिळून खोली उतरवली. चांगल्या फळ्या गोठ्याला लागल्या, आरसा कोल्हारच्या एका न्हाव्यानं नेला, पितळ मोडीत गेलं. गादी आत्याबाईंनी नदीला सोडायला लावली, नारळ वाहून. मामंजी त्यानंतर दोन पावसाळे होते. शेवटी शेवटी त्यांनी बोटीचा विषय काढला नाही.

मी मात्र अजून विचारते. लग्नाकार्यात, बाजारात, जुनी बाई भेटली की म्हणते, तुमच्याकडची कुणी रंगूनला गेल्ती का, परत न आलेली? बहुतेकींना रंगून म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. घोडेगावात एकदा एका म्हातारीनं माझा हात धरला.

"व्हय, माझी नणंद गेल्ती," ती म्हणाली.

मी विचारलं, "तिचं काय झालं?"

"काय व्हायचंय? आली की परत. त्यो लिंब दिसतोय न्हवं, त्याच्या पल्याड तिचं घर हाय."

मी लिंबाच्या पलीकडे जाऊन पाहिलं. घराला बाहेरून कुलूप होतं. पुढच्या बाजाराला गेले तेव्हाही होतं.