सोळा मजले, लिफ्टशिवाय

मंडळी, आज सकाळी करी रोडच्या टॉवरमध्ये ओम न थांबता सोळा मजले चढला, आणि तिथेच माझं आयुष्य पालटलं.

ओम पंधराचा, दिवसभर मोबाइल गेममध्ये. तीन महिन्यांपूर्वी चौथ्याच मजल्यावर बसकण मारली होती. खोटं कशाला बोलू, त्याची ताई सायली दिसेल म्हणून मी त्याला व्यायाम शिकवायला लागलो. नियम एकच: गेममध्ये मेलास की दहा बैठका. पठ्ठ्या रोज मरायचा!

"कॉलेज अर्धवट सोडलेला काय शिकवणार?" असं तिचे बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, तेव्हा मी दार आपटून निघालो होतो; पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा हजर.

आज सोळाव्या मजल्यावरच्या घरात शिरताच ओम धापा टाकत ओरडला, "बाबा, लिफ्ट नाही घेतली!"

बाबा माझ्याकडे वळले. "सर, बसा. चहा घ्या."

सर! मला! सायली हसत होती. तुम्हीच सांगा, अशा वेळी काय बोलायचं?

"उद्या सहाला, ओम," एवढंच म्हणालो. बाहेर पडलो आणि दार अगदी हळू लावलं.