फितूरबाई

गिरजामावशीच्या चक्कीवर माणसं कशीही उभी राहत, डबे मात्र रांगेतच असत. एकदा भाऊसाहेबांच्या गड्यानं गव्हाचा डबा सगळ्यांच्या पुढं नेऊन ठेवला. भाऊसाहेब म्हणजे जिल्हा परिषदेचे सदस्य, गावातलं पानही त्यांना विचारून हलायचं. मावशीनं तो डबा उचलला, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला आणि गड्याला म्हणाली, "नंबर म्हंजे नंबर. भाऊसाहेबाले सांग, भूक सगळ्याईलेच लागते." पट्ट्याच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यामुळं ती सगळंच ओरडून बोलायची. त्यामुळं हा निरोप गड्याच्या आधीच अर्ध्या गावाला पोचला होता.

अमरावती-अकोला रस्त्यापासून दोन कोस आत आमचं गाव. नवरा वारल्यावर मावशीनं चक्की बंद न करता स्वतः पट्टा चढवला. दगड गुळगुळीत झाले की छिन्नी-हातोडीनं त्यांना टाकीसुद्धा तीच लावायची. भुवयांवर कायम पिठाचा थर, कमरेला खोचलेला पदर आणि नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण पुडीचा कागदही वाचल्याशिवाय फेकायची नाही. आम्हा पोरींना विचारायची, "काय वो पोट्ट्याहो, शाळेत वाचता का नुसत्या हजेरीले जाता?"

गावाच्या कडेला पारध्यांचा बेडा, म्हणजे त्यांची वस्ती होती. तिथल्या बायांचे डबेही त्याच रांगेत लागत. आमच्या आळीतल्या एका काकूनं नाक मुरडलं, "मावशी, पारधिणीच्या दळणावर आमचं नका टाकू बाई." मावशीनं चक्कीचं झाकण उघडून दाखवलं. "पाह्य यात. दगडाले फकत टाकी समजते, जात नाही समजत. नसंल पटत तं घरी जातं हाय, बस दळत." काकूंनी डबा रांगेतच ठेवला. घरच्या जात्यावर दळायची हौस कुणालाच नव्हती.

कापूस सलग तिसऱ्या वर्षी हातचा गेला होता तेव्हाची ही गोष्ट. अख्खं गाव आतून धुमसत होतं. बियाणं बोगस निघालं त्याबद्दल दुकानदाराला कुणी जाब विचारला नाही, कारण पुढच्या हंगामात त्याच्याच दारात जायचं होतं. भाव पडले त्याबद्दल भाऊसाहेबांना कुणी विचारलं नाही, कारण ते भाऊसाहेब होते. मग राग काढायचा कुणावर? बेडा जवळच होता. त्यातच भाऊसाहेबांच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली आणि गावाला एकदम मोकळं वाटलं. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी हिरासिंग पवारला उचललं.

हा हिरासिंग दर मोसमात वरूडकडं संत्र्याच्या बागा राखायला जायचा. तिकडचे बागवाले त्याला निरोप धाडून बोलावून घेत, लाखाचा माल त्याच्या भरवशावर सोडून झोपत. आमच्या गावात मात्र कुणाची कोंबडी हरवली तरी पहिलं नाव त्याचंच निघे. चोर कुठला, हे विचारायचंच नाही. चोर बेड्यावरचाच.

त्या दुपारी मी बाबांबरोबर दळण घेऊन चक्कीवर होते. मी तेव्हा सातवीत, आणि माझे बाबा आमच्याच शाळेत मास्तर. चार तासांच्या भारनियमनानंतर नुकतीच लाइट आली होती. ती पुन्हा कधी जाईल याचा नेम नव्हता, पंचवीस डबे खोळंबले होते, मावशीचे दोन्ही हात चालू होते. तेवढ्यात चौकीवरचा हवालदार कागद घेऊन आला. "मास्तर, पंच म्हणून जरा सही द्या. भाऊसाहेबांनी तुमचंच नाव सांगितलं." बाबांनी कागद आमच्या डब्याच्या झाकणावर ठेवला, वरवर नजर फिरवली आणि सही केली. मग हवालदार मावशीकडं वळला. ती ओरडली, "थांब, चष्म्यावर पीठ हाय. काय लिहिलं हाय त्याच्यात?" हवालदार म्हणाला, "मास्तरांनी केली ना सही?" मावशीनं बाबांकडं पाहिलं. बाबांनी होकारार्थी मान हलवली. तिनं पिठाच्या हातानं सही केली आणि पुन्हा डब्याकडं वळली. जन्मात एकदाच तिनं न वाचता सही केली, आणि ती माझ्या बापावर विश्वास ठेवून केली.

दोन दिवसांनी हिरासिंगची बायको ज्वारीचा डबा घेऊन आली. तान्ही पोर पाठीला बांधलेली होती. रांगेत डबा ठेवून ती हळूच म्हणाली, "मावशी, पोलीस म्हणते तुमी अन् मास्तर आमच्या घरी आले होते. तुमच्यासमोर आमच्या कडब्यातून मोटर काढली म्हणते. तुमी कधी आल्या होत्या, मावशी? आमी नाही पाहिलं."

मावशीनं चक्की बंद केली. लाइट असताना चक्की बंद झालेली गावानं पहिल्यांदाच पाहिली. तशीच पिठानं भरलेली ती चौकीवर गेली आणि कागद वाचायला मागितला. हवालदार हसला. "आता कोर्टात वाचा." तिथून ती आमच्या घरी आली. बाबा जेवत होते. "मास्तर, आपून दोघं बेड्यावर गेलोच नाही. आपून चक्कीवर होतो. चला, जाऊन सांगू." बाबा ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "मावशी, झालं ते झालं. मोठ्यांच्या भानगडी आहेत. भाऊसाहेबांनी मनात आणलं तर उद्या माझी बदली तिकडं जंगलात धारणीला होईल."

"मंग धारणीत काय माणसं राहत नाही?" एवढंच म्हणून ती निघून गेली.

ती गेल्यावर मी विचारलं, "बाबा, आपण तर खरंच चक्कीवर होतो ना?" मला त्यात अवघड काही वाटलं नव्हतं. चक्कीवर होतो तर चक्कीवर होतो म्हणायचं, इतकं सोपं होतं ते. बाबांनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. "तू अभ्यास कर," म्हणाले. आई पोळी वाढत राहिली. मीही अभ्यासाला बसले.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. हिरासिंगला जामीन राहायला गावातून कुणी पुढं आलं नाही, म्हणून ते वर्ष त्यानं आतच काढलं. तालुक्याच्या कोर्टातला तो दिवस मी पाहिला नाही, पण गावातल्या बघ्यांनी तो पारावर नकला करून इतक्यांदा सांगितला की मला पाठ झाला. पुढं मोठेपणी मी निकालाची नक्कलही काढून वाचली. पारावर नकला करणाऱ्यांनी काही वाढवून सांगितलं नव्हतं.

आधी बाबांची साक्ष झाली. मोटर माझ्यासमक्ष जप्त केली, असं ते म्हणाले. वर्गात आम्हाला खरं बोलावं म्हणून शिकवताना लागायचा तोच स्वच्छ, खणखणीत आवाज त्यांनी लावला असणार. मग मावशीला बोलावलं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "ही सही तुमची?"

"हो, माहीच."

"म्हणजे यात लिहिलेलं खरं आहे?"

"थे मले काय माहीत? म्या वाचलंच नव्हतं."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी विचारलं, "न वाचता सही केली तुम्ही?"

"केली जी, साहेब. लाइट आली होती." पुन्हा हशा. ती थांबली नाही. "चूक झाली माही. शिक्षा द्यायची तं मले द्या. पर मी बेड्यावर गेली नाही, मोटर काढतानी पाहिली नाही. मास्तरही नव्हते गेले. थे माह्या चक्कीवर होते, पोरीसंग. गहू होते त्याईचे." मग तिचं लक्ष टेबलाजवळ ठेवलेल्या मोटरकडं गेलं. "अन् हे मोटर पाचची काहून म्हणता? हे तं तीनची हाय. माही चक्की दहाच्या मोटरवर चालते, मले तीन अन् पाच समजत नाही का?"

तक्रारीत पाच हॉर्सपॉवर लिहिलं होतं, म्हणजे ही चोरीला गेलेली मोटरच नव्हती. पण विचारलं तेवढंच बोला, अशी तिला ताकीद मिळाली आणि आरोपीला सरकारनं दिलेला तरुण वकील फाईल चाळत राहिला. सरकारी वकिलांनी अर्ज केला की साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करावं. मावशीनं कारकुनाला विचारलं, "फितूर म्हंजे काय वो?" कारकून म्हणाला, "म्हणजे तुम्ही सरकारची बाजू सोडून आरोपीला मिळाल्या."

"मी काहून कोणाले मिळू? मी तं आता कुठं वाचून बोलून राहिली."

निकालात लिहिलं आहे की पहिला पंच शिक्षक असून त्याच्या साक्षीवर अविश्वास दाखवण्याचं कारण नाही, आणि दुसरी पंच फितूर आहे. हिरासिंगला दोन वर्षं झाली. मोटर तीनची की पाचची, याबद्दल त्या निकालात एक ओळ नाही. मी ती नक्कल तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा माझं डोकं फिरलं. जो खोटं बोलला तो विश्वासू आणि जी खरं बोलली ती फितूर, हे कायद्याच्या भाषेत, शिक्क्यासकट लिहून ठेवलेलं आहे. मराठीत या शब्दाचा असा उपयोग करणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. पण त्या कोर्टातल्या कुणाला वाटली असेल, असं मला वाटत नाही.

गावानं तो शब्द लगेच उचलला. मावशीची फितूरबाई झाली. भाऊसाहेबांनी देवळाजवळ नवी चक्की टाकली, आणि ज्यांना मावशीच्या रांगेत भाऊसाहेबांच्या आधी नंबर मिळत होता तेच लोक नव्या चक्कीवर भाऊसाहेबांचा डबा आधी जाऊ देत. आमचंही दळण तिकडं जाऊ लागलं. ते मीच न्यायचे. मावशीच्या दारावरून डबा डोक्यावर घेऊन जाताना ती हाक मारायची, "काय शिकून राहिली वो सध्या?" मी उत्तर न देता पुढं जायचे. बेड्यावरच्या बाया आणि गाद्या भरणाऱ्या युसूफ पिंजाऱ्याचं घर, एवढंच गिऱ्हाईक तिला उरलं. दीड वर्ष तिनं तशी चक्की चालवली, मग दगड विकले आणि अकोल्याला लेकीकडं गेली. त्याच वर्षी बाबांना आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला. सत्काराला भाऊसाहेब होते.

मी पुढं शिकले, नोकरीला लागले, अमरावतीत राजापेठेत बिऱ्हाड केलं. मावशी अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा पहिली बस धरून अकोल्याला गेले. ती वाळून गेली होती, पण आवाज तोच होता. इतकी वर्षं मनात घोकलेलं मी बोलून टाकलं. म्हटलं, "मावशी, मलाही सगळं माहीत होतं. मी बोलले नाही. आणि बाबांच्या वतीनं मी माफी मागते." मला वाटलं होतं, ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल आणि मी मोकळी होईन.

तिनं हात फिरवला नाही. म्हणाली, "तू लेकरू होती, तुले मी दोषी धरत नाही. अन् तुहा बाप वाईट माणूस नाही. भेकड हाय."

मला जरा बरं वाटलं. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण ती उशीवरून मान उचलून ओरडली, "खूश काहून झाली? हिरासिंग आत गेला तवा त्याची पोर पाठीवर होती, बाहेर आला तं ते त्याले पाहून पळाली. बाप वाईट असता तरी तेवढीच वर्षं गेली असती त्याची. माफी मागाची तं बेड्यावर जा. इथं माह्यापाशी काय करून राहिली?"

महिनाभरानं ती गेली. बेड्यावर मी अजून गेलेले नाही.