पाच काठ्यांची फट

गल्लीत त्याला सगळे काटकोन म्हणतात, आणि हे नाव त्याने घाम गाळून कमावलेलं आहे. धंदा पुस्तकबांधणीचा. छापील पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, शिवायचे, खळ लावायची, दाबाखाली ठेवायचे आणि मग तिन्ही कडा अशा कापायच्या की बोट फिरवलं तरी एक पान पुढे आलेलं लागू नये. हे दुकानापुरतं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण हा गृहस्थ दुसऱ्याच्या घरी गेला तरी टेबलावरचं वर्तमानपत्र टेबलाच्या कडेला समांतर करूनच बसतो. लग्नात म्हणे फोटो काढताना त्याने सासऱ्यांना दोन इंच मागे सरकवलं होतं. सासरे सरकले, पण ते विसरले नाहीत.

तर अशा या काटकोनाच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी तासभर उन्हात बसायचं, पाय उघडे ठेवायचे आणि खुर्चीत बसल्या बसल्या पाय सरळ करायचा, खाली घ्यायचा, पन्नास वेळा. ऊन म्हटलं तर घरामागचं अंगण, आणि अंगण म्हटलं तर पलीकडे छातीएवढ्या भिंतीआड धाकट्या भावाचं घर. धाकटा चष्मे विकतो. स्वभावाने मोकळा, थोडा अघळपघळ. त्याच्या दुकानातला आरसासुद्धा तिरका टांगलेला, आणि थोरला तिथे गेला की आधी तो सरळ करणार, मग बोलणार.

त्याच सुमारास धाकट्याने घरावर मजला चढवायला घेतला होता. काटकोनाने एकच गोष्ट मागितली: आमच्या अंगणाच्या बाजूला खिडकी नको. धाकट्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "दादा, तिकडे नुसती भिंत. शब्द देतो." आणि महिन्याभरात त्या नुसत्या भिंतीत खिडकी निघाली. छोटीमोठी नव्हे, चांगली चार हातांची, दोन झडपांची, बरोबर बायकोच्या खुर्चीवर रोखलेली.

काटकोनाने भांडण केलं नाही. त्याने बोलणं बंद केलं. धाकटा दोनदा दारात येऊन उभा राहिला, हातातल्या चष्म्याच्या डबीशी चाळा करत राहिला, काहीतरी सांगायला आल्यासारखा, आणि काही न सांगता गेला. काटकोनाला वाटलं, तोंड नाही आता बोलायला. वाटणारच. ज्याला आपण सायकल शिकवली, ज्याचं नाक पुसलं, तो आपल्या बायकोच्या उघड्या गुडघ्यांवर खिडकी काढतो, हे कुठल्या बांधणीत बसवायचं?

मग त्याने बांबू लावायचं ठरवलं.

नर्सरीवाला जाणता होता. त्याने सांगितलं की बांबू दोन तऱ्हेचे. एक बेट करून एका जागी राहतो, पण उंच पडदा व्हायला चार-पाच वर्षं घेतो. दुसरा जमिनीखालून मुळं पळवतो, दोन वर्षांत खिडकी झाकून टाकतो, पण मोकळा सोडला तर घरात शिरून पाहुण्यासारखा बसतो. घाईवाल्याने घाईचा घेतला. नर्सरीवाल्याने बजावलं, सभोवती गुडघाभर खोल जाड प्लास्टिकची पट्टी पुरा आणि तिची कड मातीच्या वर दोन बोटं राहू द्या. मूळ अडलं की उडी मारायला वर येतं. कड वर असली की ते दिसतं, दिसलं की छाटायचं.

काटकोनाने चर खणला, पट्टी पुरली, ओळंब्याने तपासली. सगळं फक्कड. पण मग रोज सकाळी ती दोन बोटांची काळी कड अंगणातून डोकावायला लागली. ज्या माणसाने आयुष्यभर बाहेर आलेली कड दिसली की सुरी उचलली, त्याच्याने किती दिवस बघवणार? आठव्या दिवशी तो पुठ्ठे कापायची सुरी घेऊन बाहेर आला आणि पट्टी मातीच्या बरोबर सपाट कापून टाकली. वर बोट फिरवून पाहिलं. कुठे काही लागलं नाही. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

बांबू मात्र मनापासून वाढला. दुसऱ्या वर्षी खिडकी झाकली गेली. काटकोनाने शेंड्यांना दोरी लावून वरची रेघ एकसारखी केली, अंगणाकडे एकदा समाधानाने पाहिलं आणि आपल्या कामाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सकाळी त्याला आत बायकोचं मोजणं ऐकू येई: अकरा, बारा, तेरा. त्याला वाटे, चला, बिचारी निवांत बसते.

तिसऱ्या वर्षी धाकट्याच्या अंगणात कोंब निघाले. एक पायरीपाशी, दोन नळापाशी, एकाने तर फरशी उचलली. धाकटा दारात आला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बोलला, "दादा, तुझा बांबू आमच्या न्हाणीपर्यंत आलाय."

काटकोन म्हणाला, बांबूला पट्टी आहे. पलीकडून कुणी भोसकली असेल तर ठाऊक नाही. ज्याने शब्द मोडला त्याला पट्टी फोडायला कितीसा वेळ लागतो. हे तो गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, आणि गल्लीने ते ऐकलंही. ऐकायला गल्लीला वेळ नसतो असं कधी झालेलं नाही.

नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याने उकिडवं बसून माती बाजूला केली, कडेवरून बोट फिरवलं आणि वर पाहिलं.

"ही कोणी कापली?"

"मी," काटकोन म्हणाला. "वर आली होती."

"वर यायलाच ठेवली होती ना हो."

भिंतीपलीकडे धाकट्याने मान खाली घातली. हसला असता तरी परवडलं असतं.

नर्सरीवाला मग मुळं शोधत शोधत खुर्चीच्या मागे गेला आणि तिथे थांबला. तिथे बांबूच्या रांगेतल्या पाच काठ्या नव्हत्या. बुंधे मातीलगत स्वच्छ कापलेले, आणि आजूबाजूला नवे कोंब मोडून पडलेले, काही ताजे, काही वाळलेले. खुर्चीत बसून वर पाहिलं की त्या फटीतून थेट खिडकी. दारातून पाहिलं तर काही कळू नये, अशा बेताने.

"हे कोणीतरी मन लावून राखलंय," नर्सरीवाला कौतुकाने म्हणाला.

"आमच्या अंगणात शिरून?" काटकोन भिंतीकडे वळला. "एवढी हौस बघायची?"

"त्यांनी नाही," बायको म्हणाली. ती मागच्या दारात उभी होती, कशाचा आधार न घेता. "काठ्या मी कापल्या. भावजींच्या करवतीने. कोंब पायाने मोडते. डॉक्टरांनी पाय हलवायलाच सांगितलंय."

काटकोनाला आधी वाटलं, तिला कळत नाहीये आपण काय बोलतोय. त्याने समजावण्याच्या सुरात सांगितलं की अगं, हे सगळं तुझ्यासाठीच लावलं.

"मला विचारलं होतं का तुम्ही?" ती म्हणाली. "खिडकीही मीच मागितली होती."

नर्सरीवाला हळूच उठून आपली अवजारं धुवायला नळापाशी गेला, आणि ती धुवून झाल्यावर बराच वेळ नळच धूत राहिला.

मग तिने सगळं सांगितलं, भांडल्यासारखं नाही, एखाद्या गिऱ्हाइकाला पत्ता सांगावा तसं. सहा महिने खुर्चीत काढायचे होते. हे आतल्या खोलीत, दार लावून. दिवसात दोन हाका: एक चहाला, एक कात्री कुठे आहे म्हणून. धाकटी जाऊ वर कपड्यांच्या घड्या घालते, भाजी निवडते. खिडकी असली तर बोलता येईल, एवढंच. तिने दिराला गळ घातली. दीर म्हणाला, दादाला शब्द दिलाय. ती म्हणाली, मग त्यांना सांगू नका मी मागितली म्हणून. तुमच्यावर रागावतील, चार दिवसांनी विसरतील.

"दोन वर्षं," काटकोन म्हणाला.

"मला वाटलं चारच दिवस," धाकटा भिंतीपलीकडून म्हणाला. "दादा, तुझ्या दारात दोनदा आलो होतो. वहिनीने शपथ घातली होती."

म्हणजे भाऊ जाणत होता, भावजय जाणत होती, बायको तर मूळच. दोन वर्षं तो एका माणसावर रागावला, आणि तो राग तिघांनी मिळून नीट सांभाळला, जसं लहान मुलाच्या हातात मोडकं खेळणं राहू देतात तसं. तो भावाशी अबोला धरून बसला होता तेव्हा त्याचीच बायको रोज सकाळी त्या भावाच्या घराशी गप्पा मारत होती, मध्ये मोजत होती, अकरा, बारा, त्याला ऐकू जावं म्हणून. मोजणं तेवढं मोठ्याने असायचं. बाकीचं हळू.

"काढून टाका सगळा," तो नर्सरीवाल्याला म्हणाला.

"सावली चांगली आहे," बायको म्हणाली. "राहू दे. फटही राहू दे."

बांबू राहिला. पट्टी नवीन आली. धाकट्याकडे फरशी बसवून द्यायला काटकोन स्वतः गेला, चारही कोपरे जुळवून दिले, पाणी दिलं तर प्यायला, आणि भावाच्या तोंडाकडे न बघता परत आला. धाकटा आता रोज हाक मारतो. हा ओ देतो, पण एखाद्या कार्यालयात नाव पुकारल्यावर देतात तशी.

त्या आठवड्यात एका सकाळी त्याने शिवायचे फर्मे उचलले, सुई-दोरा घेतला आणि खोलीचं दार उघडून अंगणाच्या पायरीवर येऊन बसला. तो दारात पोचेपर्यंत दोघींचं काहीतरी रंगात आलं होतं. जाऊ खिडकीत ओणवी होऊन हसत होती, बायको डोळे पुसत होती, पाय हवेत तसाच. त्याला पाहून बायकोने पाय खाली घेतला. जाऊने एक टॉवेल उचलून त्याची घडी घातली.

"बोला की," तो म्हणाला. "माझं चालू दे."

त्याने सुई ओवली. दोघी बोलायला लागल्या. आज ऊन जरा कमी आहे, ताई. हो गं, काल बरं होतं. उद्या पडेल असं वाटतंय. पडेल. तो मान खाली घालून टाके घालत राहिला आणि दोघी अर्धा तास हवेबद्दल बोलत राहिल्या.