मुद्देमालातली सासुरवाडी

त्या फिर्यादीचा विषय निघाला की मला आजही हसू आवरत नाही. त्या वेळी मात्र मी चांगलाच वैतागलो होतो. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. माझी बदली नुकतीच मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्यात झाली होती. मी पडलो घाटावरचा. मला ताटातला मासा ओळखता येत नव्हता, तर पाण्यातल्या भानगडी काय कळणार? पण चोरी कुठेही झाली तरी चोरीच, या भरवशावर मी खुर्चीत बसलो होतो.

एके सकाळी तारकर्लीकडचा एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, बायकोला घेऊन आला. ती बाजारात मासे विकायची. रात्रीतून त्यांच्या होडीतलं जीपीएस चोरीला गेलं होतं. हातात मावणारी ती यंत्रं तेव्हा नवीनच आली होती. आपण समुद्रात नेमके कुठे आहोत हे ती उपग्रहांवरून सांगत. मासा मिळाला की बटण दाबायचं, ती जागा साठवायची आणि तिला नाव द्यायचं. पुढच्या वेळी बाण दाखवेल तिकडे होडी न्यायची, की झालं.

"किंमत सांगा," मी म्हणालो.

"यंत्राची बिलात होती, बिल हरावला. आतल्याची किंमत करूक येवची नाय."

"आत काय आहे?"

त्याने मागे पाहिलं. बाकावर दुसऱ्या कामासाठी आलेले चार मच्छीमार एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"ता हंय सांगूक येवचा नाय, सायबानू."

ठाण्यातल्या हवालदाराने मला नंतर नीट समजावलं. किनारा दिसेनासा झाल्यावर कुठल्या खडकाच्या आसऱ्याला कुठला मासा असतो, हे या तांडेलाने आयुष्यभर हुडकलं होतं. बापाने दाखवलेल्या जागाही त्यात होत्या. त्या सगळ्या आता चोराच्या खिशात होत्या. चोर रोज तिथे जाळं टाकणार आणि याचं घर बसणार. तरीही फिर्यादीत 'एक काळं यंत्र' यापलीकडे एक अक्षर लिहू द्यायला तो तयार नव्हता. चोर सापडला नाही तरी चालेल, पण जागा फुटता कामा नयेत, अशी ही अजब फिर्याद.

पाच-सहा दिवसांनी तोच तांडेल हसत हसत ठाण्यात शिरला.

"चोर गावलो, सायबानू. उत्तरेकडच्या गावातल्या एका होडयेचा जाळा फाटला."

"जाळं फाटलं म्हणून तो चोर?"

"जंय फाटला ती जागा माझ्या यंत्रात आसा. थंय पाण्याखाली खडक आसा. माझा जाळा एकदा गेला थंय, म्हणान माका ठावक. बाकी कोण मरूक जाता थंय?"

एवढ्यावरून कोणाच्या घराची झडती घ्यायची म्हणजे धाडसच होतं. पण घेतली. यंत्र भाताच्या कणगीत सापडलं. नंबराची चिकटपट्टी खाऱ्या हवेने केव्हाच गेलेली. होडीवाला तिशीतला, गडी बोलण्यात पटाईत. ठाण्यात आणल्यावर म्हणाला, "गोव्यात एका माणसाकडसून घेतलंय. आतली ठिकाणां माझीच आसत, मीच घातलंय."

मी यंत्र चालू केलं. इंग्रजी अक्षरांत नावांची रांग आली. आजा, कावळा, मोठीबाय आणि मग सासुरवाडी.

"ही सासुरवाडी कुठली?"

"माझी."

हवालदार माझ्या कानाशी वाकला. "साहेब, ह्याचं लग्न व्हायचंय अजून."

"लग्नाआधीच सासुरवाडी?" मी होडीवाल्याला विचारलं. त्याने मान खाली घातली.

"माका वाटला, सासरवाडी म्हटल्यार जावयाचो मान, पोटभर जेवाण. म्हणजे सगळ्यात जास्ती मासो थंयच गावतलो. पयलो थंयच गेलंय. हेच्या सासरवाडीत खडक आसा ह्या माका काय ठावक?"

हवालदार हसू लपवायला बाहेर गेला. पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. मुद्देमाल आपलाच आहे, हे फिर्यादीने पटवून द्यायला हवं होतं. मी दोन पंच बोलावले. तेही किनाऱ्यावरचेच, दुसरे आणायचे कुठून? बायकोसोबत आलेला तांडेल त्यांना बघताच गोठला. मी त्याला समजावलं, "बाकीच्या जागा मी उघडतही नाही. फक्त सासुरवाडीचं सांगा. तिथे खडक आहे, तो कळला तर कोणाचं काय जातंय? खडकाला हे नाव का दिलं, तेवढं बोला."

त्याने बायकोकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"असाच दिलंय."

"असंच दिलं हे कोर्ट ऐकणार नाही."

"मगे यंत्र माझा न्हय."

मी डोक्याला हात लावला. ज्या यंत्रावाचून याची झोप उडाली होती, ते हा समोर असताना नाकारत होता. तेवढ्यात त्याची बायको पदर खोचून पुढे आली.

"लिवा, सायबानू. यंत्र आमचाच. ह्येंका जंय पाय ठेवचो नसता, तेका ह्ये माझ्या म्हायाराचा नाव देतत." तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. "पयल्या दिवाळीक माझ्या आवशीन जावयाक सुको बांगडो वाढल्यान. वादळ होता, होडये गेल्ले नाय, ताजो मासो आणतली खंयसून? ह्ये ताटावरसून उठले. तेवापासून आरोंद्याक, माझ्या म्हायाराक, गेले नाय. दर चवथीच्या गणपतीक मी एकटीच जातंय. आवस दरवर्षी माझ्या पाठसून कोण येता काय बघता."

पंचांच्या तोंडावरचं हसू गेलं. मी पंचनाम्यात लिहिलं, 'सदर ठिकाणी फिर्यादी जाणे टाळतो, हे त्याच्या पत्नीस माहीत आहे.' त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या.

पुढे नोकरीत मोबाइलचा टॉवर कुठला, माणूस कधी कुठे होता, असले कागद रोज हातात येऊ लागले. हाताखालची पोरं त्यावर नकाशे काढायची. मी मात्र त्या माणसाच्या घरच्यांना गाठून विचारायचो, हा तिथे का जातो आणि कुठे अजिबात जात नाही? उत्तर बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून मिळालं.

त्या खटल्यात यंत्र परत द्यायचा कोर्टाचा हुकूम आल्यावर तांडेल ते न्यायला आला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. बायकोच्या हातातल्या पिशवीतून ताज्या सुरमईचं शेपूट बाहेर आलेलं. सही करून तो ठाण्याच्या पायरीवर थांबला आणि बराच वेळ बटणं दाबत राहिला.

"काय करताय?" मी विचारलं.

"खडकाचा नाव बदलतंय." त्याने मला पडदा दाखवला. तिथे आता 'सुकाबांगडा' होतं.

मी ते मोठ्याने वाचलं. बायकोने ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि क्षणभर दुसरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "चला आता. आवस वाट बघता."

तो यंत्र खिशात टाकून मुकाट्याने तिच्या मागून आरोंद्याच्या गाडीकडे निघाला.