पणदऱ्याची वाघर

काचेपलीकडचं मशीन त्यांनी आम्हाला दाखवलंच नाही. ठिणगी पडली ती तिथंच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कळसची, माझी मैत्रीण पणदऱ्याची. पॉलिटेक्निकला एका बाकावर बसलो, आणि पुढं बारामतीत एकाच कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागलो. लोणी देवकरला ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणारा एक लहानसा कारखाना होता. त्यांचा माल परदेशी जायचा, त्यामुळे त्यांना ई-मेल पाहिजे होती आणि इंटरनेटवर एक पानही पाहिजे होतं. मॅनेजरसाहेबांनी क्लासात येऊन विचारलं, ‘‘हे कुठं ठेवायचं असतं?’’ प्रश्न साधा होता, पण आम्हालाही उत्तर माहीत नव्हतं. म्हणून बघायला आम्ही दोघी एसटीनं पुण्याला गेलो.

पुण्यातली कंपनी चकाचक होती. जागा भाड्यानं देतो म्हणाले. मैत्रिणीनं विचारलं, ‘‘जागा म्हंजी कुठं? दावा की.’’ तिथला टाय घातलेला माणूस हसला आणि त्यानं काचेच्या दाराकडं बोट केलं. पलीकडं गारवा, अंधार आणि लुकलुकणारे हिरवे दिवे. आत जायची परवानगी नाही म्हणाला. झालं! परतीच्या वाटेवर बारामती येईस्तोवर बाई धुमसत होती.

‘‘भाडं द्यायचं आन् जागा बघायची बी न्हाय? आगं, गोठा भाड्यानं घेतला तरी माणूस आत जाऊन गव्हाण बघतो!’’

मी म्हटलं, ‘‘मग काय, घरी ठेवतेस का?’’

मी चेष्टेनं म्हटलं होतं. ती गप्प झाली. तिला ओळखणाऱ्या कुणालाही कळलं असतं की हे गप्प होणं चांगलं लक्षण नाही.

तर तसलंच एक मशीन, आमचं स्वतःचं, पणदऱ्याला, तिच्या घराच्या मागच्या खोलीत आलं. पूर्वी त्या घरात मेंढरं होती. तिच्या आजोबांनी कळप विकून ऊस लावला, पण त्या खोलीला अजून घोंगड्यांचा वास होता. वडील, त्यांना मीही तात्याच म्हणायची, गावात दूध संकलनाचं काम बघायचे, म्हणून घरात फोन होता. आणि तो फोनच आमचं भांडवल. बेत असा, की कारखान्यानं पणदऱ्याला फोन लावून मेल आमच्या मशीनमध्ये टाकायची, आणि मशीननं ठरल्या वेळी पुण्यातल्या सरकारी इंटरनेट केंद्राला फोन लावून सगळी मेल एकदम पोचवायची, आलेली घेऊन यायची. गावोगावचं दूध गोळा करून टँकर डेअरीला जातो, तसंच. तात्यांना हे एका दमात समजलं. पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं.

‘‘दिवाळीपतुर बघा,’’ ते म्हणाले. ‘‘कारखान्याचं काम मिळालं तर ऱ्हावा हितं. न्हाय तर हिच्या मामानं पुण्याला कंपनीत सांगून ठेवलंया. कवाबी फोन येईल त्यांचा.’’

आणि ती कंपनी कुठली, तर तीच, काचेच्या दाराची. तिथं हिनं काचेच्या अलीकडं बसून लोकांचे फोन घ्यायचे. मला सांगताना तिचा आवाज चिरकला. ‘‘मशीनला हात लावायचा न्हाय, निस्तं ‘थांबा हं’ म्हणायचं. मरंन मी तितं.’’ क्लासात तोंड चालायचं ते माझं. मशीनच्या पोटात हात घालायची ती. ती गेली की मी नुसती बडबडी मास्तरीण उरणार.

तिची आई, त्यांना मी मावशी म्हणायची, या सगळ्यात काहीच बोलायच्या नाहीत. मशीनला त्या ‘तुमचा टीव्ही’ म्हणायच्या, पदरानं त्यावरची धूळ झटकायच्या आणि ‘‘च्या घेता का?’’ विचारून जायच्या. मला वाटायचं, या बाईला लेक राहिली काय नि गेली काय, सारखंच. रागच यायचा.

एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली होती, ती आम्ही मशीनवर चढवली. मशीन एकच, पण त्यावर कामं तीन: कारखान्याची मेल, क्लासातल्या पोरांची पानं, आणि गावासाठी एक सूचनाफलक. पहिल्याच आठवड्यात क्लासातल्या एका महाभागानं असा प्रोग्राम लिहिला की तो थांबेचना. डिस्क भरली आणि मेल बंद पडली. पोरं हसली, आम्ही रडायच्या बेतात. एकानं गोंधळ घातला की तिघांचं वाटोळं, हे काही खरं नव्हतं.

उपाय त्या सीडीतच होता, जाडजूड इंग्रजी माहितीत. प्रत्येक प्रोग्रामला डिस्कवर जागा मोजून द्यायची आणि एका कप्प्यात ठेवायचं. त्याला वाटतं, हा कप्पा म्हणजेच सगळं मशीन, आणि बाहेरचं काही दिसत नाही, तर बिघडवणार काय? या प्रकाराला तिथं जेल म्हटलं होतं.

‘‘जेल कशापायी?’’ ती म्हणाली. ‘‘ह्यांनी काय दरोडा घातलाय?’’

‘‘मग कोंडवाडा म्हणू.’’

‘‘कोंडवाड्यात दुसऱ्याच्या रानात घुसलेलं जनावर जातं गं. आपली गुणाची हायती.’’ मग तिनं माळ्यावर नजर टाकली. तिथं आजोबांच्या वेळचं एक जाळं गुंडाळून ठेवलेलं होतं, काळं पडलेलं. ‘‘वाघर म्हणायचं.’’

कळप कुणाच्या रानात बसवला की त्याच्याभोवती मेखा ठोकून जे जाळं लावतात, ती वाघर. आतली मेंढरं आत, लांडगा बाहेर. सकाळी मेखा उपटायच्या, जाळं गुंडाळायचं, घोड्यावर टाकायचं आणि पुढच्या रानात लावायचं. मला ती कल्पना फारच आवडली, कारण आमच्या कप्प्यांचंही तेच होतं. ज्याला जे लागतं ते सगळं त्याच्या वाघरीत, म्हणजे उद्या दुसरं मशीन घेतलं तर वाघर उचलायची आणि तिकडं लावायची. आज ही गोष्ट कंटेनर म्हणून जगभर चालते. माझे विद्यार्थी मला ती समजावून सांगायला लागले की मला हसू फुटतं.

पण लावून बघितली तर वाघर चालेचना. मेलचा प्रोग्राम आत ठेवला की तो जागेवरच मरायचा. मग कळलं की त्याला लागणाऱ्या कितीतरी फाइली बाहेर राहिल्यात. एक आत नेली की तो दुसरी मागायचा. ‘‘चारा ठिवला, पाणी न्हाय. पाणी ठिवलं, मीठ न्हाय,’’ म्हणत ती एकेक फाइल आत नेत होती आणि मी त्या इंग्रजी माहितीच्या छापील कागदांत बघून नावं सांगत होते. शेवटी प्रोग्राम जगला. आम्ही उड्या मारल्या. आणि मग बघतो तर काय, संध्याकाळी टाकलेल्या मेलवर भरदुपारची वेळ!

या कोड्यानं आम्हाला अक्षरशः येड लावलं. मशीनचं घड्याळ बरोबर, मेल बरोबर, फक्त वाघरीच्या आत वेळ मागं. मी फरक मोजला आणि माझी ट्यूब पेटली. ती लंडनची वेळ होती! पणदऱ्यात, उसाच्या कडेला, घोंगड्यांच्या खोलीत बसलेल्या त्या प्रोग्रामला आपण लंडनला आहोत असं वाटत होतं. का, तर आपण भारतात आहोत हे सांगणारी फाइल बाहेरच राहिली होती, आणि काही सांगितलं नाही तर तो आपला लंडनची वेळ धरून बसायचा. मला त्याची गंमतही वाटली आणि थोडं वाईटही वाटलं. मैत्रिणीनं ती फाइल आत नेली आणि म्हणाली, ‘‘ये बाबा घरी.’’

आता परीक्षा. मॅनेजरसाहेब म्हणाले, ‘‘खंडेनवमीला या. कारखान्यात पूजा असते, दुपारी मी मोकळा. परदेशी गिऱ्हाइकाला एक भाव कळवायचाय. तुमच्या मशीनमधून संध्याकाळच्या आत गेला तर काम तुमचं. नाहीतर पुणं आहेच.’’

आम्ही हो म्हटलं. माझ्या घरी खंडेनवमी नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमची तयारी दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र दिनाची असते, पांढरी साडी इस्त्री करायची आणि विहारात जायचं. तिच्या घरी खंडेनवमी होती, पण ती म्हणजे ट्रॅक्टर, कोयते, खुरपी, फार तर शिलाई मशीन. ‘टीव्ही’चा त्यात काय संबंध?

लोणी देवकरला पोचलो तर कारखाना गपगार. प्रत्येक लेथला झेंडूची माळ, हळदकुंकवाची बोटं, वर नारळ. साहेबांनी पेढा दिला आणि ऑफिसात नेलं. टेबलावरच्या फोनची वायर काढून आम्ही मॉडेमला लावली. मॉडेमला छोटा स्पीकर होता, त्यातून लाइनवरचं सगळं ऐकू यायचं. नंबर फिरला. पलीकडं घंटी वाजू लागली. आता आमचं मशीन फोन उचलणार आणि ते ओळखीचं किंचाळणं सुरू होणार, म्हणून आम्ही कान लावून बसलो.

‘‘हॅलो?’’ मॉडेम म्हणाला. ‘‘कोन हाय?’’

मावशी! साहेबांनी मॉडेमकडं असं बघितलं की बस्स.

‘‘कोन टुकटुक करतंय? आज मशीन बंद हाय. हळदकुंकू लावलंया, माळ घातलीया. राबणाऱ्या हत्याराला आज हात लावायचा न्हाय. उद्या करा.’’ आणि खट्.

आमच्या तीन वाघरी एकमेकींपासून कशा जपून ठेवल्या होत्या! पण भिंतीवरचं बटण तिघींना मिळून एकच, आणि ते मावशींनी बंद केलं होतं. फोनचा डबा वायर काढून बाजूला पडलेला, त्यामुळं आम्हाला ऐकू येत होतं पण बोलता येत नव्हतं. मैत्रीण वायर उपटायला उठली, तोवर मॉडेमनं शहाण्यासारखा आपणहून पुन्हा नंबर लावला.

‘‘हॅलो? परत तेच!’’ मग मावशी एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘पुण्याच्या कंपनीतनं बोलताय व्हय?’’

मॉडेम टुकटुकला. मैत्रिणीचा हात वायरवरच थबकला.

‘‘बोला की. बरं, नगा बोलू, मीच सांगते. पोरगी यायची न्हाय. तिचं मशीन हाय हितं. तुमच्या हाफिसात तिला हात लावू देत न्हाईत म्हणं. हितं ती समदं उघडून बघती, भांडती, हसती. हसती हो! मी भाकरी करताना ऐकती. तुमाला फोन उचलाया दुसरं कुणीबी गावंल. आमची न्हाय मिळायची. ठिवते.’’

खट्.

मैत्रीण भिंतीकडं तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतेय. हसतच होती, पण नुसती हसत नव्हती. साहेबांनी तिसऱ्यांदा नंबर लागायच्या आत स्वतः वायर काढली आणि आमच्यापुढं पेढ्यांचा बॉक्सच ठेवला.

‘‘आईसाहेबांचं बरोबर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘माझेही लेथ आज बंदच आहेत. पण गिऱ्हाइकाला खंडेनवमी माहीत नाही हो. मेल मला पुण्यालाच द्यावी लागेल.’’

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तरी मला असा संताप आला की हातातला पेढा मी परत बॉक्सात ठेवला.

पणदऱ्याला पोचलो तर तात्या अंगणात ट्रॅक्टरची माळ सरळ करत होते. ‘‘काय झालं?’’

‘‘न्हाय मिळालं काम,’’ ती म्हणाली.

तात्यांनी मान हलवली. ‘‘मग आता पुण्याचा फोन आला की—’’

‘‘आलता दुपारी,’’ मावशी आतून म्हणाल्या. ‘‘मी न्हाय म्हणून सांगितलं.’’

‘‘तू? कुणाला इचारून?’’

मावशी बाहेर आल्या, हात पदराला पुसत. ‘‘त्या मशीनला म्या आज हळदकुंकू लावलंया. आता ते ह्या घराचं हत्यार हाय. हत्यार हितं आन् हत्यारवाली पुण्याला, आसं कुठं असतंय व्हय? एका कारखान्यानं न्हाय म्हटलं तर दुसरा बघतील.’’

तात्या माळेकडं बघत राहिले. त्यांना बायकोचं पटलं की कंपनीला एकदा न्हाय म्हटल्यावर आता पुन्हा तोंड कुठनं दाखवायचं असं वाटलं, ते त्यांनाच ठाऊक. ‘‘आता सांगूनच टाकलं म्हणल्यावर...’’ एवढंच बोलले आणि धारांना गेले.

माझ्या जिभेवर आलंच होतं. ‘मावशी, अहो तो पुण्याचा फोन नव्हताच, तो आमचा...’ मैत्रिणीनं माझ्या पायावर असा पाय दिला की मी विव्हळले. मावशींनी विचारलं, ‘‘काय गं?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही, पायात पेटका आला.’’

मागच्या खोलीत मशीन झेंडूच्या माळेत बसलं होतं. मॉनिटरवर हळदीची बोटं, कीबोर्डवर कुंकू सांडलेलं, शेजारी कोयता आणि खुरपी मांडलेली. त्या दिवशी आम्ही त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी विहारातून पांढऱ्या साडीतच पणदऱ्याला गेले. ती माझी वाट बघत होती. मशीनचं बटण दाबायच्या आधी तिनं खोलीचं दार लोटलं, आईचा नकार खऱ्या कंपनीलाही पोचावा म्हणून मामाकडून घेतलेला पुण्याच्या कंपनीतल्या साहेबांच्या घरचा नंबर फिरवला आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘मी यायची न्हाय. आमच्या आईनं कळवलंय तुमाला.’’